बाणा नसलेलं कापड

नायना अशोक चौकामागच्या शेडमध्ये
सदतीस वर्षं चादरी विणत होते.
मी मेडिकल कॉलेजात मांसाचे काप काढते,
पाच मायक्रॉनचे, मेणात बसवलेले.
पात्याखालून फितीसारखे निघतात,
कोमट पाण्यावर पसरतात,
मग काचेवर उचलून घ्यायचे,
श्वास रोखून.

एकदा त्यांना डिपार्टमेंटला नेलं होतं,
शनिवारी दुपारी, मॅडम नसताना.
आधी त्यांना एक डोळा मिटायलाच जमेना.
मग दिसलं असावं.
"पट्टे आहेत की," म्हणाले,
"गुलाबी. काठापर्यंत सरळ.
कुणाचं आहे?"
मांडीचं, म्हटलं. नाव नसतं, नंबर असतो.
"थानावर पण नंबरच असतो."

आणि मग विणकराने विचारावं तेच विचारलं:
"ताणा दिसतोय. बाणा कुठाय?"

बाणा नसतो, नायना.
सगळे धागे उभेच.
धाग्याच्या पोटात धागे, त्यांच्या पोटात आणखी बारीक,
दर जुडीला एक पातळ वेष्टण,
आणि टोकाशी सगळी वेष्टणं पिळून
एक दोरी, हाडात रुतलेली.
तिला कंडरा म्हणतात.
"कंडरं तर सगळ्या मांसालाच म्हणतात आपल्यात."
हो. तेलुगूत.
मराठीत तोच शब्द टोकाला जाऊन बसलाय.

"बाणा नाही, तर विस्कटत कसं नाही?"

टिपकागदावर काढून दाखवलं.
हा जाड धागा, हा बारीक.
जाडाला मुंड्या असतात, शेकड्यांनी.
मुंडी बारकाला धरते, ओढते, सोडते,
पुढं जाऊन पुन्हा धरते,
पोहरा ओढताना आईचे हात चालायचे तसे.
धागा आखडत नाही, सरकतो नुसता.
तुम्ही धोटा मारला की दंडात हेच चालायचं,
तुम्हाला न विचारता.

"म्हणजे धरायला ताकद लागते."
नाही. इथंच सगळे चुकतात.
धरलेलं सोडायला लागते.
सोडायचं इंधन आलं नाही
तर मुंडी तिथंच अडकून राहते.
नायना हसले, बऱ्याच वेळाने:
"मालकाच्या उचलीसारखं."

टिपकागद घडी करून खिशात घातला त्यांनी.
त्याचं पुढं काय झालं माहीत नाही.

हृदयाची स्लाइड त्या दिवशी सापडली नव्हती.
तिथल्या धाग्यांना फांद्या फुटतात,
एकातून दुसऱ्यात शिरतात,
एक थरथरला की शेजारच्याला कळतं.
तिथं थोडासा बाणा आहे, नायना,
हे सांगायचं राहिलं.

मे महिन्यात गेले. गच्चीवर, झोपेत.
सकाळी पाहिलं तर उजवी मूठ घट्ट.
पोचम्मा आत्या म्हणाली, काहीतरी मनात राहिलंय.
कुणी म्हणालं, चादरीचा दसा धरलाय.
कुणी म्हणालं, पोरीचं लग्न.
काकांनी अंगठा उघडायला घेतला
तेव्हा मी ओरडले,
इतकी, की खालचा लूम बंद झाला.

त्यांना कसं सांगणार,
ही इच्छा नाही,
हा हट्ट नाही,
सोडायला लागतं ते संपलंय फक्त.
मी एवढंच म्हटलं, राहू द्या.
आपोआप सुटेल.

अण्णा भिवंडीहून येईपर्यंत थांबायचंच होतं.
बर्फाच्या लाद्या आणल्या, वितळल्या, पुन्हा आणल्या.
बाहेर चव्वेचाळीस.
दुसऱ्या दिवशी दुपारी
आधी मान सैल झाली, मग खांदा,
मग एकेक बोट.

आत काही नव्हतं.
आत्याने तरी वाकून पाहिलं.
तळहातावर धोट्याने पडलेला जुना घट्टा,
पिवळा, कडेला चिरलेला,
आणि आत्या त्यावरून पदर फिरवत राहिली
जणू तिथं काही सांडलं होतं.